सूत्र येते, पण कारण सांगता येत नाही

पत्राचा सारांश: प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे हे पत्र आहे. गणित हा तिचा शाळेपासूनचा आवडता विषय असून कलनशास्त्रापर्यंतचा (कॅल्क्युलसपर्यंतचा) अभ्यास तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केला आहे. यंदा तिला ‘भूमिती आणि मापन’ हा विषय आहे. तासाला कागद कापणे, चौकटी मोजणे, दोऱ्याने वस्तू मापणे असे काम चालते आणि ते तिला बालिश वाटते. पहिल्या चाचणीत ‘आयताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी का असते?’ या प्रश्नाला तिने ‘कारण ते सूत्र आहे’ असे उत्तर लिहिले आणि तिला २० पैकी ७ गुण मिळाले. पुढे सराव पाठाच्या वेळी एका मुलीने वहीत काढलेले दोन आयत दाखवून विचारले, “बाई, परिमिती वाढली की क्षेत्रफळही वाढतं ना?” हिने “हो, शाबास!” म्हटले. तास संपल्यावर वर्गशिक्षिकांनी हे विधान चुकीचे असल्याचे हळूच सांगितले, तेव्हापासून तिचे मन ठिकाणावर नाही. वरच्या पातळीचे गणित झालेल्यांना एक परीक्षा देऊन या विषयातून सूट मिळते आणि अर्जाला तीन आठवडे उरले आहेत. सूट घ्यावी, की विषय पूर्ण करावा, की प्राथमिक वर्गांचा नाद सोडून थेट माध्यमिककडे वळावे, असे तिने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला त्यात चाचणीच्या गुणांची नाराजी दिसली. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की तुम्हाला टोचते आहे ते त्या मुलीला दिलेले उत्तर. म्हणून गुणांविषयी फार लिहीत नाही. ‘ते सूत्र आहे’ हे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर होत नाही, त्यामुळे परीक्षकांनी अन्याय केला असे मला वाटत नाही, आणि एका चाचणीचे गुण भरून काढता येतात. मुलीच्या प्रश्नाकडे मात्र आपण सावकाश पाहू, कारण तुमचा निर्णय खरे तर तिथेच दडलेला आहे.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मनावरचे ओझे थोडे हलके होईल. तुमच्या वर्गात जे घडले जवळजवळ तोच प्रसंग कल्पून लिपिंग मा या संशोधिकेच्या अभ्यासात अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना विचारले गेले होते की तुमची विद्यार्थिनी असा नवा ‘नियम’ शोधून आनंदाने तुमच्यापुढे आली तर तुम्ही काय कराल. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज वर्गावर उभे राहणाऱ्यांपैकीही काहींना ते विधान खरेच वाटले होते, आणि अनेकांना ते खरे की खोटे हे स्वतः तपासून ठरवता आले नव्हते. तेव्हा या जागी पाय घसरणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. एवढ्यावरून स्वतःला नालायक ठरवणे म्हणजे एका वजाबाकीवरून सगळी वही फाडून टाकण्यासारखे आहे.

आता ते आयत. तुम्ही लिहिले आहे की एक ३ आणि ४ सेंटीमीटर बाजूंचा होता आणि दुसरा ४ आणि ६ सेंटीमीटर बाजूंचा. पहिल्याची परिमिती १४ सेंटीमीटर आणि क्षेत्रफळ १२ चौरस सेंटीमीटर. दुसऱ्याची परिमिती २० आणि क्षेत्रफळ २४. मुलीने दोन्ही मोजले होते आणि दोन्ही बरोबर होते. तिची चूक उदाहरणांत नव्हतीच; दोन उदाहरणांवरून सगळ्या आयतांसाठी नियम करण्याच्या उडीत होती, आणि ती उडी तुम्हीही तिच्याबरोबर मारलीत. तिच्या आयतांशेजारी १ आणि १० सेंटीमीटर बाजूंचा एक लांबुडका आयत काढून पाहा. त्याची परिमिती २२ सेंटीमीटर भरते, म्हणजे तिन्हींत सर्वांत मोठी, आणि क्षेत्रफळ फक्त १०, म्हणजे तिन्हींत सर्वांत लहान. नियम मोडायला हा एक आयत पुरतो.

पण इथेच थांबलो तर आपण त्या मुलीला फक्त ‘चूक’ एवढेच सांगू, आणि तिच्या निरीक्षणात जे खरे आहे तेही टाकून देऊ. तिने केले काय? दोन्ही बाजू वाढवल्या. दोन्ही बाजू वाढल्या, किंवा एक तशीच ठेवून दुसरी वाढवली, तर परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही वाढतातच. त्या मर्यादेत तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. एक बाजू वाढते आणि दुसरी घटते तेव्हा मात्र काहीही होऊ शकते. म्हणजे खरा प्रश्न ‘विधान खरे की खोटे’ एवढाच नसून ‘कोणत्या परिस्थितीत खरे आणि कोणत्या परिस्थितीत खोटे’ असा आहे. दहा वर्षांच्या मुलीबरोबर हा प्रश्न उलगडत नेणे ही माझ्या मते अस्सल गणिती कृती आहे, आणि ती करण्यासाठी लागणारे ज्ञान कलनशास्त्राच्या परीक्षेत कोणी तपासलेले नसते. निश्चित परिमितीचा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा आयत चौरस असतो, हे तुम्ही कलनशास्त्रातल्या रीतीने, विकलज काढून, क्षणात सिद्ध कराल याची मला खात्री आहे. तरीही त्या क्षणी ते ज्ञान तुमच्या मदतीला आले नाही. का आले नाही, याचा विचार तुम्ही करावा असे मला वाटते.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे, जे तुम्ही कुठे स्पष्ट लिहिलेले नाही, पण जवळजवळ प्रत्येक ओळीत डोकावते: ज्याला अवघड गणित येते त्याला सोपे गणित येतेच. करण्यापुरते हे खरे आहे, पण शिकवताना ते अपुरे पडते. विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकणाऱ्याला कसा दिसतो याचे ज्ञान यांच्या मधोमध असलेल्या, फक्त शिक्षकालाच लागणाऱ्या एका वेगळ्या ज्ञानाकडे ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञाने १९८६ मध्ये लक्ष वेधले. तुम्ही ज्याला बालिश म्हणता तो विषय नेमका या ज्ञानासाठी योजलेला असतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. मी नव्यानेच शिकवू लागले होते. एक मुलगा पेन्सिलीची लांबी मोजताना पट्टीवरची १ ची खूण पेन्सिलीच्या टोकाला लावत असे आणि उत्तर दरवेळी एक सेंटीमीटरने जास्त सांगत असे. मी त्याला “शून्यापासून लाव” असे सांगितले, त्याने तसे केले, उत्तर बरोबर आले आणि मी समाधानाने पुढे गेले. काही दिवसांनी त्याच्या हाती टोक तुटलेली पट्टी आली. तिच्यावर शून्य नव्हताच. पेन्सिलीचे एक टोक ३ वर होते आणि दुसरे ८ वर. त्याने आधी ८ म्हटले, माझा चेहरा पाहून मग बोटाने एकेक खूण मोजली, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, आणि म्हणाला, “सहा.” त्याचे बोट खुणांवरून चालले होते आणि लांबी तर खुणांच्या मधल्या जागांत होती. पट्टी म्हणजे एकास एक लागून ठेवलेल्या सेंटीमीटरांची रांग आहे, ही मूळ कल्पनाच त्याच्याजवळ नव्हती, आणि मी सूचना देऊन ती उणीव झाकून टाकली होती. त्यानंतर आम्ही एक सेंटीमीटर रुंदीचे कागदाचे तुकडे एकापुढे एक चिकटवून स्वतःची पट्टी तयार केली. आकडे शेवटी लिहिले. ‘एक’ हा आकडा पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीला नाही, तर तो जिथे संपतो तिथे येतो, हे त्याने आपणहून सांगितले तेव्हा मला मापन शिकवणे म्हणजे काय ते थोडेसे कळले.

क्षेत्रफळाचेही असेच आहे. ६ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद आयतात एक सेंटीमीटर बाजूच्या चौरसांच्या चार ओळी बसतात आणि प्रत्येक ओळीत सहा चौरस असतात, म्हणून सहा चोक चोवीस. गुणाकार येतो तो या मांडणीतून. एवढे लिहिले असते तरी चाचणीत बरेच गुण मिळाले असते. पण पुढची पायरी अधिक रंजक आहे. बाजू साडेतीन आणि अडीच असतील तर? तेव्हा सहा पूर्ण चौरस, कडेला पाच अर्धे आणि कोपऱ्यात एक पाव चौरस मिळतो. सगळे मिळून पावणेनऊ. साडेतीन गुणिले अडीच केल्यावर तेच येते. अपूर्णांकांच्या गुणाकारात तो पाव कुठून येतो हे चौकटीच्या कागदावर डोळ्यांना दिसते, आणि मला वाटते की हे एकदा पाहिलेला माणूस ते सहसा विसरत नाही.

आता मुलांना आकार कसे दिसतात याविषयी. नेदरलँड्समधल्या पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये उट्रेक्ट विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले आणि त्यांतून भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्यांची कल्पना पुढे आली. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसत्या रूपावरून ओळखते, म्हणून तिरका ठेवलेला चौरस त्याला चौरस वाटत नाही. पुढच्या पायरीवर त्याला गुणधर्म दिसू लागतात, म्हणजे चार समान बाजू आणि चार काटकोन. त्यानंतर हे गुणधर्म एकमेकांशी कसे जोडलेले आहेत ते कळते, आणि मग ‘प्रत्येक चौरस हा आयतही असतो’ हे वाक्य अर्थपूर्ण होते. औपचारिक सिद्धता आणि निरनिराळ्या भूमितींची तुलना याच्याही पुढे येते. या पायऱ्या वयाबरोबर आपोआप चढल्या जात नाहीत, त्यांना अनुभव आणि अध्यापन लागते, हा त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. शिक्षक एका पायरीवर आणि मूल दुसऱ्या पायरीवर असेल तर दोघेही ‘चौरस’ हाच शब्द उच्चारतात, पण त्यांचे बोलणे एकमेकांना पोहोचत नाही. तुमच्यासारख्या हुशार विद्यार्थ्यांचे एक वेगळेच होते: सूत्रे पाठ असल्यामुळे मधल्या पायऱ्यांवर थांबण्याची वेळच आलेली नसते, आणि त्या पायऱ्या रिकाम्या आहेत हे कोणी लहान मूल प्रश्न विचारीपर्यंत लक्षातही येत नाही.

याचा अर्थ तुमच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कागद कापला म्हणजे समज आली असे होत नाही, आणि काही वर्गांत हे काम हस्तकलेपुरतेच उरते हेही खरे आहे. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर शेजारी-शेजारी लावले की सरळ कोन झालेला दिसतो. पण बेरीज १७९ अंश असती तरी फाडलेल्या कागदाला तो फरक दाखवता आला नसता. कृतीने अंदाज मिळतो. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोन जुळवले की कारण मिळते. तुमच्या तासाला अंदाजावरच काम थांबत असेल, तर तुम्ही हात वर करून “हे नेहमीच खरे असते हे कशावरून?” असे विचारा. वर्गात हा प्रश्न विचारण्याची तयारी बहुधा तुमच्याइतकी कोणाचीच नसेल, आणि त्याचा फायदा शेजारी बसलेल्यांनाही होईल.

सूट मिळवून देणाऱ्या परीक्षेचे काय? सूट घेण्यात गैर काही नाही. वेळ वाचतो आणि तो दुसऱ्या विषयाला देता येतो. ज्याला खरोखर गरज नाही त्याने केवळ नियम म्हणून तासाला बसावे असे मी सांगणार नाही. पण ती परीक्षा तुम्हाला सूत्रे वापरता येतात का एवढेच तपासत असेल, तर तिच्यात उत्तीर्ण होऊन तुमच्याविषयी नवीन काहीच कळणार नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी एखाद्या सुटीच्या दिवशी स्वतःची परीक्षा घ्या. कोरा कागद घ्या आणि सूत्र न लिहिता, चित्र काढून, दहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत चार गोष्टी समजावून लिहा. एक चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे तर १०,००० चौरस सेंटीमीटर का? टोकांना टाचण्या लावून जोडलेल्या चार पट्ट्यांचा आयत तिरका ढकलला तर परिमिती तीच राहूनही क्षेत्रफळ कमी का होते? विशालकोन त्रिकोणाची उंची त्याच्या बाहेर पडते, तरी क्षेत्रफळ पाया आणि उंचीच्या गुणाकाराच्या निम्मेच का? भुजा लांब काढल्या तरी कोन मोठा का होत नाही, आणि मुलांना तो मोठा का वाटतो? या शेवटच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्या, कारण तो गणितासोबत मुलांविषयीही विचारतो. लिहिलेले दुसऱ्या दिवशी गणित न आवडणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या. तिला तीन उत्तरे पटली तर निर्धास्तपणे सूट घ्या. नाही पटली, तर तुम्हाला त्या विषयाची गरज आहे, आणि ती वर्गावर नोकरी सुरू होण्यापूर्वी कळली हे चांगलेच झाले. तुमच्या पत्रावरून माझा कौल विषय पूर्ण करण्याकडे आहे.

माध्यमिककडे वळण्याचा विचार वरच्या वर्गांचे गणित शिकवण्याची ओढ असेल तर जरूर करा, पण या प्रसंगातून सुटका म्हणून करू नका. पट्टीवरच्या खुणा मोजणारी मुले पुढे माध्यमिकमध्येच येतात, आणि तिथे त्यांची ही अडचण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

विषय ठेवलात तर एक सवय लावून घ्या. वहीच्या डाव्या पानावर तासाला आलेले सूत्र किंवा व्याख्या लिहा, आणि उजव्या पानावर ते सूत्र कोणी दिलेच नसते तर आपण ते कसे शोधले असते ते लिहा. व्याख्याही तपासा. समलंब चौकोनाच्या समांतर बाजूंची जोडी ‘एकच’ असावी असे काही पुस्तके म्हणतात आणि ‘किमान एक’ असावी असे काही. पहिल्या व्याख्येने समांतरभुज चौकोन बाहेर राहतो, दुसरीने तो आत येतो. व्याख्या माणसे ठरवतात आणि ठरवताना सोय पाहतात, हे कळले की मुलांच्या ‘असंच का?’ या प्रश्नाची धास्ती वाटेनाशी होते. एककांचेही तेच आहे. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे फ्रान्समध्ये १७९१ मध्ये ठरले. १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढा मीटर मानला जातो. मुलांनी आधी वीत आणि पाऊल वापरून बाक मोजला, प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले आणि त्यावर वाद झाला, की सगळ्यांसाठी एकच माप का लागते हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मोजण्यापूर्वी अंदाज लिहून ठेवायला लावा, आणि मोजल्यावर ‘साधारण’ हा शब्द वापरायला संकोच करू देऊ नका. कोणतेही मापन अगदी तंतोतंत नसते, आणि २२/७ हीसुद्धा पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराची) नेमकी किंमत नाही. पाय त्याहून किंचित लहान आहे हे आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती वापरून दाखवले होते.

हा मजकूर वाचणाऱ्यांमध्ये तुमच्या अगदी उलट स्थितीतलेही असतील. भूमिती म्हटले की ज्यांना शाळेत न सुटलेल्या सिद्धता आणि हातातून निसटणारे कर्कटक आठवते, आणि आता तोच विषय शिकवायचा आहे या विचाराने ज्यांची झोप उडते, त्यांनाही मी विषय टाळू नका असेच सांगेन. जिथे आपण अडलो ती जागा ज्याला आठवते, त्याला मूल कुठे अडेल हे लवकर ओळखता येते. कोनमापकावरच्या दोन उलटसुलट आकड्यांच्या ओळींनी तुमचा गोंधळ झाला असेल, तर आकडा वाचण्यापूर्वी ‘हा कोन काटकोनापेक्षा मोठा दिसतो की लहान?’ असे विचारायचे तुम्हाला सुचेल. ज्यांचा गोंधळ कधी झालाच नाही त्यांना ते मुद्दाम शिकावे लागते.

शेवटी त्या मुलीविषयी. तुमचे सराव पाठ अजून चालू आहेत असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा त्या वर्गात पुन्हा जा. वर्गशिक्षिकांची परवानगी घ्या आणि त्यांनी चूक खासगीत सांगितली याबद्दल त्यांचे आभारही माना. मुलीला दिलेली शाबासकी परत घेऊ नका. तिने स्वतःहून नियम शोधला होता आणि शाबासकी त्यासाठी योग्यच होती. तिला सांगा, “तू विचारलंस त्यावर मी घाईने हो म्हटलं. आपण दोघी मिळून पुन्हा तपासू.” मग तिच्या हातात दोऱ्याचे एक कडे द्या, ते चौकटीच्या कागदावर चार टाचण्यांभोवती ताणून वेगवेगळे आयत करायला सांगा, आणि प्रत्येक आयतातल्या चौकटी तिलाच मोजू द्या. सहा-सहाचा आयत झाला तर ३६ येतील, चार-आठचा झाला तर ३२, दोन-दहाचा झाला तर २० आणि एक-अकराचा झाला तर अवघ्या ११. मध्ये बोलू नका. दोरा तोच आहे हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागेल, तो लागू द्या. कडे बरोबर २४ सेंटीमीटरचे हवे, म्हणून दोरा कापताना गाठीसाठी थोडा जास्त घ्या.